तांबट आळीतला हंडा

छाननीच्या तक्त्यावर त्या फोटोपुढे मी लिहिलं होतं, ‘रंग भरला आहे. अपात्र.’ त्याला आता तीन महिने होतील. निकाल लागला, बालगंधर्वच्या कलादालनात प्रदर्शन होऊन गेलं, तरी हे चार शब्द माझ्या डोक्यातून जात नाहीत.

नारायण पेठेतल्या एका लॅबमध्ये मी प्रिंटिंग बघतो. सुरुवातीची सात वर्षं डार्करूममध्ये गेली, पुढची मशीनवर. एका हौशी छायाचित्रकार मंडळाच्या प्रदर्शनाचे प्रिंट आमच्याकडे निघतात, त्यामुळे परीक्षकांपुढे जाण्याआधीची छाननीही माझ्याकडेच येते. फोटो चांगला की वाईट हे आम्ही बघत नाही. लांब बाजू १९२० पिक्सेलची आहे का, फोटोवर नाव टाकलेलं नाही ना, आणि मोनोक्रोम विभागात आलेला फोटो खरंच मोनोक्रोम, म्हणजे एकाच रंगाच्या फिक्या-गडद छटांतला आहे का, एवढंच.

सगळं घोडं या तिसऱ्या प्रश्नापाशी अडतं. पालख्या पुण्यातून गेल्या की पताका तेवढी भगवी आणि बाकी सगळे वारकरी करडे, असे फोटो येणारच. गणपतीनंतर गुलाल. कित्येक कॅमेऱ्यांत आणि मोबाइलमध्ये एक रंग ठेवून बाकीचे काढून टाकायची सोयच असते. याला सिलेक्टिव्ह कलर म्हणतात. मला हा प्रकार आवडत नाही. नजर कुठे जावी हे उजेडाने आणि चौकटीने ठरवायचं असतं, ते जमलं नाही की लोक रंगाचा आधार घेतात. पण तो गुन्हा नव्हे. रंगीत विभागात पाठवा, कोणी अडवत नाही. फिआप या १९५० साली स्थापन झालेल्या छायाचित्रकलेच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची व्याख्या आमच्या नियमपत्रिकेत छापलेली आहे. अख्खं काळं-पांढरं चित्र एकाच छटेत टोन केलं, म्हणजे त्याच्या करड्याला दुसऱ्या रंगाची झाक दिली, तर ते मोनोक्रोमच राहतं. टोनिंग अर्धवट असेल किंवा एखादा रंग वरून घातला असेल, तर ते रंगीत धरायचं. हे वाचतं कोण? अर्जावर ‘सिलेक्टिव्ह कलर केला आहे का?’ असं विचारलं तर चांगले अनुभवी लोक ‘हो’ लिहितात, कारण फोटोशॉपमध्ये त्याच नावाची कमांड आहे. तिचा याच्याशी काही संबंध नाही. तिथे लाल, पिवळा अशा एकेका रंगातलं शाईचं प्रमाण कमीजास्त करता येतं.

तर तो फोटो. कसबा पेठेतली तांबट आळी. अंधारं दुकान, मान खाली घालून मठारकाम करणारा, म्हणजे भांड्यावर हातोड्याचे ठोके उमटवणारा कारागीर, आणि दारातून आलेलं ऊन नेमकं हंड्याच्या पोटावर. ठोक्याचा एकेक खळगा मोजता यावा इतका स्वच्छ. भिंत, हात, हातोडा, जमीन सगळं काळं-करडं. हंडा मात्र तांब्याच्या रंगाचा.

रात्रीचे साडेनऊ वाजले होते आणि शंभरेक फोटो बघायचे राहिले होते. मी आयड्रॉपर घेतला, म्हणजे फोटोतल्या एखाद्या ठिपक्याचा रंग आकड्यांत सांगणारं साधन. तिन्ही आकडे सारखे आले की तो ठिपका करडा. भिंतीवर लाल, हिरवा, निळा यांचे आकडे आले ५८, ५८, ५७. एखाद्या आकड्याचा फरक स्कॅनिंगमध्ये पडतोच. हंड्यावर आले २१४, १८७, १५२. आणखी काय हवं होतं? शेरा लिहिला आणि पुढचा फोटो उघडला.

चौथ्या दिवशी सकाळी एक काका लॅबमध्ये आले. सत्तरीच्या पुढचे असतील. एक्स-रेच्या जुन्या पाकिटातून त्यांनी प्रिंट काढून काउंटरवर ठेवला. ब्रोमाइड पेपरवरचा, बारा बाय पंधरा, हाताने केलेला. बरोबर निगेटिव्हही आणली होती.

“यात रंग कुठे भरलाय, ते मला दाखवता का?”

मी प्रिंट हातात घेतला आणि वासावरूनच ओळखलं. सडक्या अंड्यांचा तो वास पाकिटालाही लागला होता. सोडियम सल्फाइड. सेपिया, म्हणजे प्रिंटला तपकिरी टोन द्यायची जुनी रीत.

ज्यांनी सेपिया केलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रिंट आधी ब्लीचमध्ये घालतात, म्हणजे पोटॅशियम फेरीसायनाइड आणि पोटॅशियम ब्रोमाइड. काळं-पांढरं चित्र ज्या चांदीच्या कणांचं बनलेलं असतं, त्या चांदीचं तिथे सिल्व्हर ब्रोमाइड होतं आणि चित्र फिकं पडतं. मग धुऊन सल्फाइडमध्ये टाकला की ते तपकिरी होऊन परत उमटतं. जिथे चांदी पातळ, म्हणजे चित्रातले उजळ भाग, तिथे ब्लीच आधी पोचतो. गडद भागांना कितीतरी जास्त वेळ लागतो. त्यामुळे प्रिंट ब्लीचमधून लवकर उचलला तर उजेड तपकिरी होतो आणि सावली काळीच राहते. डार्करूममध्ये मी स्वतः हे शेकडो वेळा केलेलं आहे. दिवाळीला लोक आजी-आजोबांचे फोटो करून न्यायचे, तेव्हा गाल उबदार आणि केस काळेभोर ठेवायला हाच उपाय होता.

काकांनी न्हाणीघरात ट्रे मांडून तेच केलं होतं. ब्लीचमध्ये मोजून वीस सेकंद. अंधाऱ्या दुकानात ऊन पडलं होतं फक्त हंड्यावर, म्हणून तपकिरी झाला फक्त हंडा. सेपियाचा तपकिरी आणि तांब्याचा रंग इतके जवळचे, की मला तो भरलेला वाटला.

मग त्यांनी खिशातून लूप, म्हणजे प्रिंट बघायचं भिंग काढून माझ्या हातात दिलं. “बनियन बघा.”

कारागिराच्या खांद्यावर बनियनची कड दाराकडे होती. दोरा ठेवावा तेवढी पांढरी रेघ. लूपखाली ती हंड्याइतकीच तपकिरी होती. रंग भरणाऱ्याने मास्क, म्हणजे रंग तेवढ्याच भागात राहावा म्हणून आखलेली हद्द, हंड्याला केला असता, बनियनच्या कडेला कशाला करेल? ही रेघ फाइलमध्येही होती. मी सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, शंभरावर ओढून बघितलं असतं तरी ती उठून दिसली असती. दोन सेकंदांचं काम. मी ते केलं नाही, आणि हयात कागदावर घालवलेल्या माणसाला खोटं पाडलं.

“काका, तरीही हा मोनोक्रोममध्ये बसत नाही,” मी म्हणालो. म्हणताना बरं वाटत नव्हतं. “टोनिंग अर्धवट आहे.”

“ते मला मान्य आहे. मग तसं लिहा.”

मी तक्ता काढला, आधीचा शेरा खोडला, खाली ‘टोनिंग अर्धवट, रंग भरलेला नाही’ असं लिहून सही केली. मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना ते आवडलं नाही. बाद तो बादच, तर खाडाखोड कशाला, असं त्यांचं म्हणणं. शिवाय पहिल्या शेऱ्याचा ईमेल काकांना जाऊन पोचलेला होता. रंगीत विभागात तरी घ्या म्हटलं, तर मुदत संपलेली.

निघताना काकांनी पाकिटातून दुसरा प्रिंट काढला. तीच निगेटिव्ह, तोच कागद, पण ब्लीच पूर्ण केलेला. अख्खं दुकान एका तपकिरी रंगात. भिंत तपकिरी, हात तपकिरी, हातोडा तपकिरी. खिडकीपाशी मी दोन्ही शेजारी धरले. दुसऱ्यात हंडा उजळ होता, पण पहिल्यासारखा वेगळा उठून दिसत नव्हता.

“आधी हा पाठवणार होतो,” काका म्हणाले. “हा चालला असता ना?”

“चालला असता.”

तो त्यांनी माझ्याकडेच ठेवला. पहिला पाकिटात घालून घेऊन गेले.