बॉयलरपासून गॅसिफायरपर्यंत : आमची वाटचाल

सातपूर औद्योगिक वसाहतीतील भाड्याच्या गाळ्यात आम्ही थर्मोवेल, म्हणजे तापमापकाला गरम वायूपासून आणि दाबापासून वाचवणाऱ्या बंद टोकाच्या धातूच्या नळ्या, बनवू लागलो, तेव्हा बहुतेक कामे बॉयलरची होती. बॉयलरच्या धुरात ऑक्सिजन शिल्लक असतो. त्यामुळे 25 टक्के क्रोमियम आणि 20 टक्के निकेल असलेल्या 310 स्टेनलेस स्टीलवर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर बसतो आणि तोच आतल्या धातूला सांभाळतो. ग्राहकाला तापमान, दाब आणि लांबी विचारली की काम भागत असे.

कोळशाच्या गॅसिफिकेशनच्या, म्हणजे कोळशापासून जळाऊ वायू बनवण्याच्या, कामात मात्र एवढे पुरत नाही. एका ग्राहकाने दुसरीकडून घेतलेला, निकेल भरपूर असलेल्या मिश्रधातूचा थर्मोवेल लवकर निकामी झाला, म्हणून तपासणीसाठी आमच्याकडे पाठवला. आम्ही तो उभा कापला. टोकाकडची भिंत निम्म्याहून अधिक खाल्ली गेली होती, वरचा काळा थर नखाने सुटत होता आणि एके ठिकाणी धातू वितळून पुन्हा गोठल्याच्या खुणा होत्या. शुद्ध निकेल 1455 अंश सेल्सिअसला वितळते, परंतु निकेल आणि निकेल सल्फाइड एकत्र आले की ते मिश्रण सुमारे 640 अंशांनाच वितळू लागते.

गॅसिफायरमध्ये कोळसा पूर्ण जळू देत नाहीत. वायूत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन भरपूर, ऑक्सिजन जवळजवळ नाही, आणि कोळशातले गंधक हायड्रोजन सल्फाइडच्या रूपात असते. अशा वेळी ऑक्साइडऐवजी सल्फाइडचा थर भराभर वाढतो. आपल्याकडील बहुतेक कोळशात गंधक एक टक्क्याहून कमी असते, म्हणून काळजी नको, असे सांगणारे भेटतात. मला ते पटत नाही, कारण ऑक्सिजन नसेल तर थोडे गंधकही पुरेसे होते, आणि आसामच्या कोळशात तर ते बरेच जास्त असते.

त्यानंतर आम्ही वायूचे पृथक्करण हाती आल्याशिवाय दर देणे बंद केले. अशा कामांसाठी निकेल वाढवण्याऐवजी क्रोमियम जास्त असलेला धातू घेतो आणि गरजेप्रमाणे पृष्ठभागात ॲल्युमिनियम मुरवून घेतो, कारण ॲल्युमिनियम ऑक्साइड अत्यल्प ऑक्सिजनमध्येही टिकते. खर्च वाढतो, काही ऑर्डर हातच्या जातात, तरी या बाबतीत आम्ही तडजोड करत नाही.

प्लांट बंद असतानाची काळजीही तितकीच महत्त्वाची आहे. सल्फाइडच्या थराला ओलसर हवा लागली की पॉलिथायोनिक आम्ल तयार होते आणि वेल्डिंगच्या आसपास स्टेनलेस स्टीलला तडे जाऊ शकतात. म्हणून उघडण्यापूर्वी सोडा ॲशच्या द्रावणाने धुण्याची सूचना आम्ही प्रत्येक थर्मोवेलसोबत मराठीत आणि हिंदीत छापून देतो.