कटरची दोरी आणि उडालेली स्प्रिंग

खानापूर तालुक्यात ज्याचं घर आहे त्याला श्रावणातलं गवत काय असतंय ते सांगायला नको. आठवडाभर बेळगावात नोकरी करून शनिवारी गावी आलो की विहिरीची वाट गायब, परसात काँग्रेस गवत छातीएवढं, आणि आई म्हणते चवथीच्या आत हे सगळं निघायला पायजे, पावणे येतात तर साप बघायला येतात काय. म्हणून गेल्या वर्षी ब्रश कटर, म्हणजे गवत कापायचं मशीन घेतलं, पेट्रोलचं, त्यात ऑईल मिसळून घालायचं असतंय ते. शेजारचे तात्या तेव्हाच म्हणाले होते, "विळा घेतला असतास तर पेट्रोल वाचलं असतं की रं."

मशीन बरं आहे, भांडण सगळं दोरीशी. दांड्याच्या टोकाला गोल डबा असतो, त्याला हेड म्हणतात, त्यातल्या रिळावरची नायलॉनची दोरी बाहेर येऊन गरगर फिरते आणि गवत कापते. झिजली की हेड जमिनीवर ठोकायचं, पुढची दोरी बाहेर यायला पायजे. कापायला लागलो की दहा मिनिटात दोरी संपायची, म्हणजे संपायची न्हवं, आत असायची पण बाहेरच यायची नाही. जमिनीवर ठोकलं तरी नाही. मग मशीन बंद करून डबा उघडा, नखानं ओढून काढा, परत लावा, परत तेच. मी दुकानदाराला मनातल्या मनात शिव्या घातल्या, हलकी दोरी दिली म्हणून.

ह्या वेळी ठरवलं की हेडच सगळं खोलायचं. पान्यानं फिरवतोय तर ढिम्म हलत नाही, जोर लावला, पान्याला पाईप लावला, तरी नाही. अर्ध्या तासानं कळलं की त्याची आटी उलटी असती, डावी, नेहमीच्या नटापेक्षा उलट फिरवायचं. म्हणजे इतका वेळ मी आवळतच होतो 😅 आणि मजा म्हणजे नुसती दोरी भरायला हेड काढायची गरजच नसते, दोन्ही बाजूची खटकी दाबली की खालचं झाकण हातात येतं. ते मी दाबलं, आणि आतली स्प्रिंग टणकन उडून चिखलात गेली. गवतात, पावसात, राखाडी रंगाची स्प्रिंग. मी, आई, तात्यांचा नातू, तिघं वाकून शोधतोय. शेवटी माळ्यावरच्या जुन्या स्पीकरचं मॅग्नेट काढलं, सुतळीला बांधलं आणि गवतातनं नांगरासारखं ओढत गेलो. दोन खिळे, एक पत्र्याचं झाकण आणि मग स्प्रिंग.

सोमवारी सगळं हेड पिशवीत घालून उद्यमबागला गेलो. तिथं एका गाळ्यात एक अण्णा असली मशीनं दुरुस्त करतात, कानडी आणि मराठी एकाच वाक्यात. रीळ हातात घेतलं, बोटानं दोरी उचकटली आणि म्हणाले, "याक्री, एवढी कशाला भरलायसा? आणि हे उलटं."

उलटं म्हणजे असं, रिळावर बारीक बाण असतो, मी तो वर्षभर पाहिलाच नव्हता. दोरी त्या बाणाच्या दिशेनंच गुंडाळायची, नाहीतर आत सैल पडते आणि ठोकलं तरी सरकत नाही. शिवाय मी रीळ काठोकाठ भरत होतो, परत परत भरायला नको म्हणून, आणि पदर एकमेकांवर चढवत होतो. आत घासून घासून तापते आणि नायलॉन एकमेकाला चिकटतं. अण्णांनी दाखवलं तिथं दोन वेढे खरोखरच वितळून एक झाले होते, मेणबत्तीसारखे.

त्यांनी माझ्यासमोर भरली. २.४ मिमीची साधारण ५ मीटर दोरी, मधोमध दुमडली, दुमड रिळाच्या मधल्या भिंतीच्या खाचेत अडकवली, आणि दोन्ही पदर आपापल्या खणात, एकाशेजारी एक, ताणून ताणून. शेवटी वीतभर टोकं ठेवून समोरासमोरच्या खाचांत अडकवली, मग दोन्ही भोकांतनं बाहेर काढली, स्प्रिंग, रीळ, झाकण, आणि दोन्ही टोकांना एक झटका, म्हणजे खाचेतनं सुटतात. तीन मिनिटं. माझा शनिवार गेला होता.

जाड दोरी घालू काय विचारलं तर हेडवर लिहिलंय तेवढीच घाला म्हणाले, जाड घातली तर इंजिन दमतं. गार्डवरचं, म्हणजे हेडमागच्या आडोशावरचं, छोटं ब्लेड मी काढून टाकलं होतं, लांब दोरीनं जास्त कापलं जाईल म्हणून, त्यावरनं पण बोलणी खाल्ली. ते ब्लेड दोरी मापात ठेवतं, लांब झाली की फेरे कमी पडतात आणि क्लच तापतो.

अजून एक. दोरीचं बंडल मी उन्हाळाभर कौलाखाली माळ्यावर टाकलं होतं. नायलॉन सुकलं की कडक होतं, आमच्या चिऱ्याच्या कंपाउंडला जरा लागलं की काड्कन तुटतं. रात्रभर पाण्यात भिजवा म्हणाले. पटलं नव्हतं, पण करून बघितलं, फरक पडतो. चिऱ्याला घासली की झिजते अजून, ते काय चुकत नाही, भिंतीलगतचं मी आता विळ्यानंच काढतो. तात्यांना सांगितलेलं नाही.

मुळात ही दोरीची कल्पना अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलस नावाच्या माणसाची, १९७१ ची. गाड्या धुणाऱ्या मशीनचे गरगर फिरणारे ब्रश बघून सुचलं आणि डब्याला भोकं पाडून त्यात मासे पकडायची दोरी ओवून त्यानं घरी करून बघितलं. डबा आणि दोरी, एवढंच. वर्षभर मी त्यातली दोरीच उलटी घालत होतो.

तुम्ही कराल तेव्हा इंजिनच्या स्पार्क प्लगची टोपी आधी काढा, आणि झाकण उघडताना वर तळहात धरा, मॅग्नेट सगळ्यांकडे नसतं.

रविवारी विहिरीपर्यंत वाट झाली, दोन टाक्या पेट्रोल, दोरी मधे एकदाच भरली. तात्या कट्ट्यावर बसून बघत होते, संध्याकाळी हळूच म्हणाले आमच्या गोठ्यामागं पण जरा फिरव की. आणि आई दर शनिवारी तेच विचारते, त्या बादलीतली दोरी काढणार हाईस काय, मला धुणं भिजवायचंय.