वादळात लोकल चॅनल चालू ठेवायचं तर: बॅटरी, डिश, अर्थिंग आणि डिझेल

रोहिणी नक्षत्र लागलं की खान्देशात दुपारी चारनंतर आभाळाकडे बघायची सवय लागते. आधी धुळीचा लोट येतो, मग वारावावधन, मग टपोरे थेंब, कधी गारा. सगळा खेळ अर्ध्या-पाऊण तासाचा. पण तेवढ्यात रावेर, यावल, चोपडा पट्ट्यात घडावर आलेल्या केळीच्या बागा आडव्या होतात, कडुलिंबाच्या फांद्या तारांवर पडतात आणि गावंच्या गावं अंधारात जातात. कुठला रस्ता बंद आहे, कोणत्या सबस्टेशनचा फॉल्ट आहे, उद्या पंचनाम्याला कोण येणार, हे लोकांना नेमकं त्याच वेळी हवं असतं. आणि बहुतेक वेळा लोकल केबल चॅनल नेमकं त्याच वेळी बंद असतं.

याचा दोष आपण वाऱ्याला देतो. पण बंद पडलेला हेडएंड (उपग्रहाचे सिग्नल घेऊन केबलवर सोडणारी यंत्रणा) उघडून पाहिला तर बिघाड जुना निघतो. वादळाने तो फक्त उघडा पाडलेला असतो. खान्देशात उपकरणांचा खरा शत्रू मे महिना आहे. ४५ अंशांच्या उन्हात बॅटरी, टेप, माती, रबर हे सगळं झिजतं आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात त्याच वस्तूंकडून सगळ्यात जास्त काम मागितलं जातं.

बॅटरीचंच घ्या. लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंश तापमान धरून मोजलेलं असतं. त्यावर दर १० अंशांनी ते साधारण निम्मं होतं. यूपीएसची बँक पत्र्याच्या खोलीत ठेवली असेल तर पाच वर्षं टिकायची बॅटरी दोन उन्हाळ्यांत म्हातारी होते. हिशेब करून बघा. १२ व्होल्ट १०० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) १६ बॅटऱ्या म्हणजे कागदावर १९.२ युनिट. हेडएंडमधले रिसीव्हर, एन्कोडर, मक्स, मॉड्युलेटर, ऑप्टिकल ट्रान्समीटर आणि सर्व्हर मिळून ४ किलोवॅट लोड धरला, तर नवी बँक जोराच्या डिस्चार्जवर अडीच-तीन तास देईल. एसी यात धरलेला नाही आणि तो यूपीएसवर घेऊही नये. दोन उन्हाळे काढलेल्या बँकेकडून दीड तासाचीही आशा धरू नये.

बँक तपासायची तर चार्जिंगचा हिरवा दिवा बघून भागत नाही. मेच्या सुरुवातीला, रात्री उशिरा, मेन सप्लाय बंद करा, खरा लोड यूपीएसवर राहू द्या आणि दर दहा मिनिटांनी प्रत्येक बॅटरीचा व्होल्टेज मल्टिमीटरने लिहून ठेवा. पंधरा बॅटऱ्या १२ व्होल्टच्या आसपास असताना एखादीच १०.५च्या खाली घसरलेली सापडते. बॅटऱ्या सिरीजमध्ये असल्याने त्या एकीमुळे पूर्ण बँक ट्रिप होते. तेवढी एक बदलली तरी वेळ परत मिळतो. मात्र बाकीच्याही थकलेल्या असतील तर सोळाच्या सोळा बदला, कारण जुन्यांत एक नवी घातली की तीही लवकर जाते. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड जमली असेल तर गरम पाण्याने धुऊन, कोरडं करून, नट आवळून वर पेट्रोलियम जेली लावा.

जनरेटर सुरू न होण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण इंजिनात सापडत नाही. त्याची स्वतःची १२ व्होल्टची स्टार्टर बॅटरी उतरलेली असते. एएमएफ पॅनल (जनरेटर आपोआप सुरू करणारं) लाइट गेल्यावर दहा-पंधरा सेकंदांत सेट उचलतो खरा, पण फिरवायला ताकद तर हवी! त्यानंतरचं कारण डिझेल. अर्धी रिकामी टाकी दिवसाच्या उकाड्यात आणि रात्रीच्या गारव्यात आतून ओलसर होते, ते पाणी तळाला बसतं आणि फिल्टरपर्यंत जातं. म्हणून टाकी भरलेली ठेवावी आणि वॉटर सेपरेटरमधलं पाणी दर महिन्याला खाली सोडावं. आपल्याकडे तिसरं कारण धूळ. पाऊस येण्याआधीच्या लोटात एअर फिल्टर आणि रेडिएटर गच्च होतात आणि सेट अर्ध्या तासात तापून बंद होतो. वादळ येऊन गेल्यावर हवेच्या झोताने रेडिएटर साफ केल्याशिवाय रात्रभर चालवू नये.

महिन्यातून एकदा तीस मिनिटं जनरेटर चालवावा आणि तोही लोडवर. रिकामा फिरवत राहिलात तर सिलिंडर पुरेसे तापत नाहीत, अर्धवट जळलेलं डिझेल एक्झॉस्टमध्ये काळ्या चिकट थरासारखं साचतं आणि गरजेच्या दिवशी सेट दम धरत नाही. १५ केव्हीएचा सेट निम्म्या लोडवर तासाला साधारण अडीच लिटर डिझेल पितो, म्हणजे चोवीस तासांना ६० लिटर. दोनशे लिटरचं पिंप असेल तर तीन दिवस निभतं. ‘लागलं तर पंपावरून आणू’ हा विचार सोडून द्या. लाइट नसेल तर पंपाचं मशीनही बंद असू शकतं आणि रस्त्यावर झाडं पडलेली असतात.

डिशबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण तिथे अंदाजपंचे काम सगळ्यात जास्त चालतं. १२ फुटी बंद पत्र्याच्या डिशवर ताशी १०० किलोमीटरचा वारा समोरून आला तर जोर साधारण साडेसहाशे किलोचा पडतो. वाऱ्याचा वेग निम्मा झाला की जोर चौथाई होतो आणि वेग दुप्पट झाला की चौपट. जाळीच्या डिशमधून बराच वारा निघून जातो. गच्चीवर मोठी डिश असेल तर जाळीचीच बरी, कारण सी-बँडला (केबलवाले घेतात त्या उपग्रह लहरींच्या पट्ट्याला) ती पुरते. आपल्याकडून ८३ अंश पूर्वेचा उपग्रह धरला तर डिश सुमारे ६४ अंश वर बघते, जवळजवळ परातीसारखी पडलेली असते. त्यामुळे गारा थेट आत पडतात आणि डिशसमोर मधोमध बसवलेल्या फीडहॉर्नचं (सिग्नल गोळा करणाऱ्या नळीचं) झाकण फुटलं तर पाणी सरळ एलएनबीत, म्हणजे त्यामागच्या सिग्नल वाढवणाऱ्या डबीत, जातं. उन्हाने ते प्लॅस्टिकचं झाकण ठिसूळ होतं. नखाने दाबून पाहा, कट्ट आवाज आला तर बदला.

सी-बँडवर, ४ गिगाहर्ट्झच्या आसपास, १२ फुटी डिशचा बीम जेमतेम दीड अंशाचा असतो. डिश पाऊण अंश वळली की अर्धा सिग्नल गेला. पाऊण अंश म्हणजे किती? डिशचा काठ सव्वादोन-अडीच सेंटिमीटर सरकला की तेवढं होतं. जमिनीवरून ते दिसतही नाही. त्यात डिजिटलचा स्वभाव असा की चित्र शेवटपर्यंत स्वच्छ राहतं, मग चौकोन पडतात आणि मग एकदम काळं. म्हणून काठाला तीन ठिकाणी वायर रोप बांधून, टर्नबकलने (तार ताणायच्या स्क्रूने) आवळून गच्चीच्या स्लॅबमधल्या हुकांना ताणून ठेवावं.

आणि एक काम आजच करा. डिश नीट लागलेली असताना माउंटच्या हलत्या आणि स्थिर भागांवरून आरपार जाणारी ऑइल पेंटची एक बारीक रेघ ओढा. एक रेघ उंचीच्या स्क्रूजवळ, एक खांबाच्या कॉलरजवळ. वादळाने डिश फिरली तर दोन्ही रेघा परत जुळवल्या की दहा मिनिटांत सिग्नल येतो. रेघ नसेल तर ओल्या गच्चीवर मीटर घेऊन रात्रभर शोधाशोध.

एलएनबीच्या कनेक्टरवर नुसती पीव्हीसी टेप गुंडाळलेली सर्रास दिसते. मेच्या उन्हात तिचा गोंद वितळतो, टोक सुटतं आणि पहिल्याच पावसात पाणी केबलच्या जाळीतून आत चढतं. एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट त्याच केबलमधून जातात. तांबं हिरवं पडलं की व्होल्टेज वाटेतच खर्च होतो. आधी ताणून गुंडाळायची रबर टेप, ती स्वतःच एकजीव होते, आणि तिच्यावर उन्हापासून राखायला पीव्हीसीचा थर, असं करावं. कनेक्टरच्या आधी केबलला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथून टपकून जातं.

पावसाचा मारा सी-बँडला फार अडवत नाही. डीटीएचच्या केयू-बँडला, म्हणजे जास्त वारंवारितेच्या लहरींना, मात्र अडवतो. म्हणूनच जोराच्या सरीत घरच्या डीटीएचवर ‘सिग्नल नाही’ दिसतं आणि केबलवर चित्र चालू असतं. ही केबलची मोठी ताकद आहे आणि वादळाच्या दिवशी ती वाया जाऊ नये असं मनापासून वाटतं.

अर्थिंगकडे आपल्या भागात वेगळ्या नजरेने बघावं लागतं. तापीकाठची काळी माती उन्हाळ्यात आक्रसते, हातभर भेगा पडतात आणि अर्थिंगच्या रॉडभोवतीची माती रॉड सोडून देते. पावसाळ्यात दोन ओहम रोध दाखवणारा पिट (अर्थिंगचा खड्डा) मेअखेर कितीतरी जास्त दाखवतो आणि विजांचा पहिला कडकडाट नेमका त्याच दिवसांत होतो. एप्रिलपासून दर दोन दिवसांनी पिटमध्ये बादली-दोन बादल्या पाणी घाला. रॉडभोवती बेंटोनाइट (ओल धरणारी चिकणमाती) भरलं असेल तर ओल जास्त टिकते. डिश, टॉवर, जनरेटर, यूपीएस या सगळ्यांचे पिट जाड पट्टीने एकमेकांना जोडलेले असावेत. वेगवेगळे राहिले तर वीज पडल्यावर एका पिटपासून दुसऱ्यापर्यंतचा हजारो व्होल्टचा फरक तुमच्या रॅकमधूनच वाट काढतो. डिशपासून रॅकपर्यंत तांब्याऐवजी ऑप्टिकल एलएनबी लिंक टाकली तर हा रस्ताच बंद होतो. खर्च आहे, पण एका कडकडाटात गेलेल्या रिसीव्हरांपेक्षा कमी.

लाइट परत येते तो क्षणही घातकच. वादळात न्यूट्रल तुटला असेल तर २३०च्या जागी ३००, कधी ४०० व्होल्टच्या घरात सप्लाय येतो. रात्रभर तगलेले एसएमपीएस (उपकरणांचे पॉवर सप्लाय) सकाळी लाइट आल्यावर उडतात, ते यानेच. पॅनलवर १८० ते २६० व्होल्टच्या बाहेर सप्लाय तोडणारा रिले बसवा आणि सप्लाय दहा मिनिटं स्थिर दिसल्याशिवाय लोड जनरेटरवरून हलवू नका.

फायबर तुटली की ओटीडीआर (तुटलेली जागा शोधायचा मीटर) अंतर सांगतो, पण ते फायबरचं अंतर असतं, रस्त्याचं नव्हे. प्रत्येक जॉइंटला दहा-पंधरा मीटरचा लूप सोडलेला असतो. मीटर ४.२ किलोमीटर म्हणाला तर तुटलेली जागा बहुधा चार किलोमीटरच्या अलीकडेच. कोणत्या खांबावर किती लूप, याची वही असेल तर अंधारात शोध अर्ध्यावर येतो. शक्य तिथे दोन वाटा ठेवा. जळगावहून यावलला एक फायबर भुसावळमार्गे आणि दुसरी विदगाव-किनगावमार्गे गेली असेल तर एक झाड दोन्ही तोडणार नाही. गावातल्या नोडला (फायबरवरचा सिग्नल घरोघरच्या केबलवर देणाऱ्या पेटीला) स्वतःची छोटी बॅटरी हवीच. दहा वॉटच्या नोडला १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी पाच-सहा तास पुरते.

विजेच्या खांबावरून गेलेल्या आपल्या केबलला मात्र वादळानंतर हात लावायचा नाही. वरची तार तुटून केबलच्या लोखंडी मेसेंजरवर (आधाराच्या तारेवर) पडली असेल तर दूरवरच्या खांबापर्यंत ती केबल जिवंत असते. लाइनमनने फीडर बंद असल्याचं तोंडी सांगितल्याशिवाय आणि टेस्टरने बघितल्याशिवाय शिडी लावूच नये. चॅनल दोन तास उशिरा सुरू झालं तरी चालेल.

अमेरिकेतल्या चक्रीवादळांनी यापुढचा धडा दिलाय. २००५च्या कॅटरिनात न्यू ऑर्लिन्सचं डब्ल्यूडब्ल्यूएल हे टीव्ही चॅनल अखंड चालू राहिलं, कारण त्याचा ट्रान्समीटर नदीपलीकडे ग्रेटनात सुरक्षित होता आणि बातम्यांचं काम बॅटन रूजच्या विद्यापीठातून चाललं. २०१७च्या हार्वेत ह्यूस्टनच्या केएचओयू वाहिनीच्या इमारतीत बायूचं (शेजारच्या संथ ओढ्याचं) पाणी शिरलं, प्रक्षेपण थांबलं आणि कर्मचाऱ्यांना दुसऱ्या वाहिनीच्या जागेतून काम करावं लागलं. २०२०च्या लॉरात लेक चार्ल्सच्या केपीएलसी वाहिनीचा टॉवर त्यांच्याच स्टुडिओवर कोसळला. माणसं आधीच हलवलेली होती म्हणून वाचली आणि बातम्या बॅटन रूजहून दिल्या गेल्या.

आपल्याकडे चक्रीवादळ ओसरल्यावरच पोहोचतं. ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेला धडकलेलं निसर्गही जमिनीवर येताच क्षीण होत गेलं. पण दुसरी जागा आपल्यालाही लागतेच. भुसावळ किंवा धुळ्याच्या ओळखीच्या ऑपरेटरकडे एक लॅपटॉप, एक एन्कोडर, चॅनलचा लोगो आणि पडद्याखालच्या मजकुराच्या पट्ट्यांच्या फाइली ठेवा. दोन वेगळ्या कंपन्यांच्या सिमचे डोंगलही तिथेच असू द्यात. वर्षातून एकदा तिथून तासभर खरंच चॅनल चालवून बघा. पासवर्ड कोणाकडे आहे, हे त्याच दिवशी कळतं.

प्रेक्षकाच्या घरी लाइट नसेल तर टीव्ही बघणार कोण, हा प्रश्न रास्तच आहे. इन्व्हर्टरवाली घरं आणि ज्यांचा फीडर चालू आहे ती गावं बघतात, बाकीचे मोबाइलवर. म्हणून तोच कार्यक्रम ऑनलाइनही द्यावा, ४८०पी आणि १ एमबीपीएसच्या आतच, कारण मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्याही काही तासांत संपतात आणि उरलेल्या टॉवरवर गर्दी होते. निवेदकाने पडद्यावरची प्रत्येक माहिती बोलूनही सांगावी. अनेक जण फोन खिशात ठेवून फक्त ऐकत असतात.

हवामान खात्याचा नाउकास्ट (अगदी लगेचचा अंदाज) तीन तासांपर्यंतचा असतो आणि पुण्याच्या आयआयटीएमचं दामिनी ॲप जवळ पडणाऱ्या विजा दाखवतं. इशारा आला की वारा येण्याची वाट न बघता लोड जनरेटरवर घ्या. चालू सेटमध्ये बिघाड निघाला तर अजून उजेड असतो, मिस्त्री फोन उचलतो.

वादळ गेल्यावर पहिली पट्टी नुकसानीच्या व्हिडिओची नको. केळीसारख्या फळपिकांच्या विम्यात गारपिटीचं नुकसान ७२ तासांत कळवावं लागतं. घड्याळ वारा थांबल्यापासून चालू झालेलं असतं आणि शेतकरी अजून अंधारात असतो. पट्टीवर एवढं द्या: विमा कंपनीचा टोल फ्री क्रमांक, कळवण्याची शेवटची तारीख आणि वेळ, बागेचा फोटो लोकेशन चालू ठेवून काढा, पंचनामा होईपर्यंत पडलेली झाडं हलवू नका. दर दहा मिनिटांनी, तिन्ही दिवस.