धोलावीराला जाताय? मग अख्खा दिवस हातात ठेवा

भुज, मांडवी, काळा डुंगर, पांढरं रण हे सगळं मी एका वाक्यात संपवते, सुंदर आहे, डिसेंबरात प्रचंड गर्दी असते, जाऊन या. मला लिहायचंय ते धोलावीराबद्दल, कच्छच्या रणातल्या हडप्पा संस्कृतीच्या (म्हणजे सिंधू संस्कृतीच्या) प्राचीन शहराच्या अवशेषांबद्दल, कारण तिथे जे पाहिलं ते अजून डोक्यातून जात नाहीये आणि तिथे जे ऐकलं त्याचा रागही अजून गेलेला नाही.

मी आणि ताई सकाळी तिथल्या किल्ल्याच्या उत्तर दरवाजाजवळ उभ्या होतो आणि आमच्या मागून एक मोठा ग्रुप आला, मराठीच मंडळी, त्यांच्या गाडीवाल्याने त्यांना वीस मिनिटं दिलेली. एक काका चढ चढून वर आले, कमरेवर हात ठेवून चहूकडे बघितलं आणि म्हणाले, "नुसते दगड तर आहेत, चला." आणि खरंच सगळे गेले! एवढं रण ओलांडून यायचं आणि हे बोलायचं? मला फार लागलं ते.

कारण इथे दगडच तर बघायचेत. मोहेंजोदारोला पक्क्या विटा, इथे मात्र आजूबाजूच्या खाणींमधून आणलेला तासलेला दगड, आणि खांबाखाली बसवलेले काही दगड इतके गुळगुळीत की हात फिरवत राहावंसं वाटतं. इसवी सन पूर्व 3000 च्या सुमारास वस्ती सुरू झाली आणि पुढची दीड हजार वर्षं, मधल्या चढउतारांसकट, ती इथे टिकली. 1960 च्या दशकाच्या शेवटी पुरातत्त्वज्ञ जगतपती जोशींनी ही जागा उजेडात आणली, 1990 पासून आर. एस. बिश्त यांच्या टीमने खोदकाम केलं आणि 2021 मध्ये ती जागतिक वारसा यादीत गेली. गावकरी या टेकाडाला आधीपासून कोटडा म्हणायचे.

आपण शाळेत सिंधू नदीची संस्कृती म्हणून शिकलो, पण इथे सिंधू नाहीच. खडीर हे कच्छच्या मोठ्या रणातलं बेट, दोन्हीकडे मीठ, पाऊस अगदी थोडा, आणि शहराच्या उत्तरेला मानसर, दक्षिणेला मनहर असे दोन ओढे, तेही फक्त पावसात वाहणारे. एवढ्या भांडवलावर या लोकांनी शहर वसवलं. ओढ्यांवर बांध घालून पाणी वळवलं, जमिनीला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण 13 मीटरचा उतार आहे तो वापरून ते एका तलावातून दुसऱ्या तलावात नेलं, किल्ल्यात पडणारा पाऊससुद्धा दगडी गटारांतून साठवला. पूर्वेचा तलाव जवळपास 73 मीटर लांब, 29 मीटर रुंद आणि 10 मीटर खोल आहे आणि कोपऱ्यातून पायऱ्या थेट तळापर्यंत जातात. दक्षिणेकडे तर खडकच कोरून तलाव केलाय. तटाच्या आतली कितीतरी जागा त्यांनी पाण्याला दिली होती, घरांना नाही, हे मला सगळ्यात मोठं वाटलं.

आणि मग ती विहीर. किल्ल्याच्या आत आहे, आमचे गाइडभाई गावातलेच, त्यांनी काठावरचा एक दगड दाखवला आणि म्हणाले, "बेन, यहाँ देखो." दगडाला खाचा पडलेल्या. दोर घासून घासून. मी खाली बसले आणि मला एकदम भरून आलं. राजा कोण होता, कुठली भाषा बोलायचे, काही माहीत नाही, उत्तर दरवाजाजवळ सापडलेल्या पाटीवरची ती दहा मोठी चिन्हं आजपर्यंत कुणाला वाचता आली नाहीत, पण कुणीतरी रोज पाणी शेंदत होतं, आणि त्याच्या आधी त्याची आई आणि नंतर त्याची मुलं शेंदत होती, एवढं तर कुठलीही लिपी न येता मला समोर दिसत होतं. आजोळी आडाच्या काठावर असेच घासलेले दगड होते. ताईही बराच वेळ काही बोलली नाही. ते काका इथपर्यंत आलेच नव्हते.

स्मशान पश्चिमेला आहे, तिथे फारसं कुणी जात नाही. तिथल्या कित्येक कबरींत माणूसच नाही, सांगाडाच सापडला नाही. एका गोल टेकाडाखाली चाकाच्या आऱ्यांसारखी मातीच्या विटांची रचना, त्याखाली खडकात खोदलेली खोली, आत मण्यांची माळ, सोन्याचं कडं, भांडी, सगळं ठेवलेलं, फक्त माणूस नाही. दूर कुठे व्यापाराला गेलेला आणि न परतलेला कुणी असेल का? की आठवण म्हणूनच बांधायची पद्धत होती? इथे देऊळ म्हणून खात्रीने बोट ठेवावं असं काही सापडलेलं नाही, त्यामुळे त्यांच्या श्रद्धेबद्दल मला जे काही कळलं ते या रिकाम्या खोल्यांतूनच. गेलेल्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, हे तेव्हाही होतं.

अगदी शेवटच्या काळात, पाणी कमी होत गेलं तेव्हा, जे लोक इथे आले त्यांनी आखीव चौकोनी घरं सोडून गोल झोपड्या बांधल्या. आम्ही गावात राहिलो तो भुंगा, म्हणजे कच्छी मातीची झोपडी, तीही गोलच. बाजरीचा रोटला, वांग्याचा ओळो म्हणजे भरीत, गूळ आणि तांब्याभर ताक, आणि त्या घरच्या बेनने आग्रह करून करून वाढलं, एवढी माया पांढऱ्या रणातल्या हजारो रुपयांच्या तंबूत मिळाली नाही.

सकाळी गेट उघडतानाच जा, सावली जवळजवळ नाही, पाणी भरपूर घ्या. गाइड गावातलाच करा. आणि गाडीवाल्याला आधीच स्पष्ट सांगा की घाई करायची नाही, सूर्यास्ताचा फोटो दुसऱ्या दिवशी काढू, कारण खावड्याकडे जाणारा रणातला सरळ रस्ता काही पळून जात नाही.

आता आम्हाला दायमाबादला जायचंय. प्रवरेच्या काठी, श्रीरामपूर तालुक्यात, हडप्पा संस्कृतीच्या शेवटच्या काळाच्या खुणा आपल्याच राज्यात आहेत, 1974 मध्ये तिथे काशाचा रथ, हत्ती, गेंडा, रेडा सापडले, आणि आम्ही दोघी नगर जिल्ह्यात वाढूनही तिथे कधी गेलो नाही. कुणी नुकतंच जाऊन आलं असेल तर रस्ता कसा आहे आणि टेकाडावर काय बघायला मिळतं ते नक्की कळवा.