वॉशिंग्टनकर

शाळेत भूगोलाच्या तासाला वॉशिंग्टन म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे दोरीवर वाळत घातलेले कपडे यायचे. वॉशिंग पावडरचा परिणाम. पुढे या नावाचा माग काढायला बसलो, तर अमेरिका राहिली बाजूला आणि पोचलो इंग्लंडच्या उत्तरेला, पूर्वी डरहॅममध्ये असलेल्या एका गावात.

जुन्या इंग्रजीत ‘टून’ म्हणजे आधी कुंपण, मग कुंपणाच्या आतली वस्ती. आपल्या वाडीचंही तेच. ‘इंग’ म्हणजे अमक्याची माणसं. तेव्हा ह्वॅसा नावाच्या कुणाच्या माणसांची वाडी ती वॉशिंग्टन. घडणीने थेट सावंतवाडीच की! फक्त सावंत आजही हाकेला ओ देतात, हा ह्वॅसा मात्र गावाच्या नावाबाहेर कुठे भेटत नाही.

इंग्लंडातलं गाव शोधायचं तर आधी १०८६ चं डूम्सडे बुक, म्हणजे राजाच्या जमीनपाहणीचं दप्तर, उघडायचं. पण त्या पाहणीत डरहॅम आलंच नाही. तिथल्या बिशपने ११८३ मध्ये आपल्या जमिनींची वेगळी नोंदवही केली, बोल्डन बुक. त्यात एक विल्यमराव सापडतात. त्यांनी हार्टबर्न गाव बिशपला दिलं आणि बदल्यात वॉशिंग्टन घेतलं. सारा ४ पौंड, शिवाय बिशपच्या मोठ्या शिकारीला ४ शिकारी कुत्रे घेऊन हजर व्हायचं. सातबाऱ्यावर कुत्री! गाव बदललं तसं नावही बदललं. ‘द हार्टबर्न’चे ‘द वेसिंग्टन’ झाले, वेसिंग्टन हे वॉशिंग्टनचंच जुनं रूप. हा फ्रेंच ‘द’ म्हणजे आपला ‘कर’. पण आपला चिपळूणकर पिढ्यानपिढ्या पुण्यात राहिला तरी चिपळूणकरच. विल्यमरावांनी बिऱ्हाडाबरोबर आडनावही हलवलं.

त्याच घराण्यातल्या लॉरेन्सने १५३९ मध्ये दूर दक्षिणेला सल्ग्रेव्हची जहागीर विकत घेतली, तेव्हा मात्र तो सल्ग्रेव्हकर झाला नाही. तोवर आडनाव अंगाला चिकटलं होतं. सतराव्या शतकात त्यांच्यातला जॉन व्हर्जिनियाला गेला. त्याचा पणतू जॉर्ज, अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष. लंडनहून वंशावळींचे सरकारी अधिकारी सर आयझॅक हर्ड यांनी वंशावळीची चौकशी केली, तर १७९२ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी कळवलं की, या विषयाकडे आपण फारसं लक्षच दिलेलं नाही. इथे मी रात्री जागतोय आणि घरधनी निवांत!

माणसाचं गावाला, गावाचं माणसाला, माणसाचं पुन्हा शहराला, असं हे नाव फिरत राहिलं. २००० च्या अमेरिकी जनगणनेत वॉशिंग्टन आडनावाच्या दर दहा जणांत नऊ कृष्णवर्णीय होते. त्यांच्या नोंदी बोल्डन बुकात कुठून सापडणार? एक मात्र शाळेच्या हजेरीपटात सापडते. गुलामीतून सुटलेला एक मुलगा पहिल्यांदा वर्गात बसला. मास्तर हजेरी घेत होते. बाकीच्यांना दोन-दोन नावं, याला एकच, बुकर. सावत्र वडिलांचं नाव वॉशिंग्टन होतं. पाळी आली तेव्हा त्याने, जणू जन्मापासून हेच नाव असल्यासारखं, शांतपणे सांगितलं, बुकर वॉशिंग्टन.

मास्तरांनी लिहून घेतलं.