नांदूर मध्यमेश्वर: पक्षी शोधण्याआधी पाणी पाहा

निफाड तालुक्यातल्या या अभयारण्यात पोचल्यावर बहुतेक जण तडक मनोऱ्यावर चढतात, पाण्यावर पसरलेले काळे ठिपके पाहतात आणि "बदकं आहेत" म्हणून उतरतात. त्यातले बरेचसे ठिपके वारकरी (कूट) नावाचे पाणपक्षी असतात. पांढरी चोच, कपाळावर पांढरा टिळा आणि काळं अंग दिसलं की वारकरी ओळखावा. उडण्याआधी तो पाण्यावरून धावत जातो, त्यामुळे लांबूनही चुकत नाही. हे ठिपके बाजूला काढले की खरी पाहणी सुरू होते, आणि तिची सगळी भिस्त त्या दिवशी पाणी किती खोल आहे यावर असते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ बंधारा बांधला गेला. त्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचला आणि उथळ पाणी, बेटं, लव्हाळ्याचे पट्टे तयार झाले. १९८६ मध्ये हे अभयारण्य जाहीर झालं आणि राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जानेवारी २०२० मध्ये त्याची घोषणा झाली. पाणी मात्र आजही सिंचनाच्या हिशेबानं चढतं-उतरतं. वरून गंगापूर, दारणा धरणांचं आवर्तन, म्हणजे सिंचनासाठी ठरावीक काळाने सोडलेलं पाणी, सुटलं की पातळी वाढते आणि इथून निघणाऱ्या डाव्या-उजव्या कालव्यांत पाणी सोडलं की उतरते. म्हणून निघण्याच्या आदल्या संध्याकाळी स्थानिक मार्गदर्शकाला फोन करून एवढंच विचारा: आवर्तन चालू आहे का, आणि काठाचा गाळ उघडा आहे का?

गाळ उघडा असेल तर आधी काठ बघा. ओल्या चिखलावर आणि चार-पाच सेंटिमीटर पाण्यात तुतवार आणि टिलवे हे छोटे पक्षी टिपत फिरतात. त्यापुढे पोटरीभर पाण्यात शेकाट्या, पाणटिवळे, मोर शराटी आणि चमचे हे लांब पायांचे पक्षी. आणखी पुढे थापट्या, तलवार बदक आणि हळदी-कुंकू. ही बदकं बुडी मारत नाहीत, डोकं खाली आणि शेपूट वर करून मान पोचेल तिथपर्यंतचंच खातात. पाणी फूटभर चढलं तर त्यांना तळ सापडत नाही आणि ती कडेच्या डबक्यांकडे किंवा शेतांकडे सरकतात. लालसरी हे बदक मात्र बुडी मारतं, म्हणून ते खोल, मोकळ्या पाण्यात दिसतं. पातळी चढलेली असेल तर चिखलातले पक्षी शोधण्यात सकाळ घालवू नका. लालसरी, पाणकावळे आणि झाडांवर बसलेले शिकारी पक्षी बघा.

थापट्याकडे थोडा वेळ द्या. चोच पसरट, टोकाला रुंद, आणि कडेला बारीक दात्यांची झालर. चोच पाण्यात बुडवून तो पोहतो, पाणी कडेनं बाहेर पडतं आणि सूक्ष्म जीव झालरीत अडकतात. पाच-दहा थापट्ये एकमेकांमागे गोल फिरताना दिसले तर दुर्बीण तिथेच ठेवा. पुढच्याच्या पायांनी ढवळलेलं मागच्याला मिळतं, म्हणून तो फेर धरलेला असतो.

ऑक्टोबरात आलेल्या नवख्यांची एक हमखास अडचण होते. त्या वेळी बदकांच्या नरांवर विणीच्या हंगामातला रंग अजून चढलेला नसतो, ते माद्यांसारखे फिकट दिसतात. पुस्तकातला हिरव्या डोक्याचा थापट्या शोधत राहिलात तर सगळ्या माद्याच वाटतील. तेव्हा रंग सोडा, चोचीचा आकार आणि उडताना पंखावरचा पट्टा बघा. लांब शेपटीच्या कमळपक्ष्याचंही तसंच. हिवाळ्यात त्याची लांब शेपटी नसते, पण उडताना पंख पांढरेशुभ्र दिसतात. नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात भरवशाचा. मार्चमध्ये पाणी आटलं तर चिखलातले पक्षी जवळून दिसतात. पुराच्या दिवसांत मात्र इकडे फिरकू नये.

वनस्पतींकडे लोक दुर्लक्ष करतात, पण पक्षी कुठे असतील हे त्याच सांगतात. पाणकणसाच्या दाट पट्ट्यात जांभळी पाणकोंबडी असते. ती कोवळा दांडा उपटून पायाच्या बोटांत धरते आणि आतला मऊ गर खाते. कडेला पडलेली सोललेली देठं ही तिची खूण. काठावरच्या बेशरमाच्या झुडपांत बगळे लपतात. पाण्यावर झुकलेल्या बाभळीवर सुगरणीची जुनी घरटी लोंबताना दिसतील. जलपर्णीचा प्रश्न गंभीर आहे. सांडपाण्यातल्या आणि शेतातून वाहून आलेल्या खतांवर ती पोसते, धुमाऱ्यांनी पसरते आणि पाण्याचा पृष्ठभाग झाकून टाकते. खाली उजेड पोचला नाही की बुडलेल्या पाणवनस्पती मरतात आणि त्या खाणारी बदकं तिथे उतरत नाहीत. कमळपक्षी त्या पानांवर आरामात चालतात म्हणून ती उपयोगी आहे असं समजू नये. मोकळं पाणी गेलं की बदकांची जागाच गेली.

चापडगावच्या प्रवेशद्वारातून आत गेलात तर पहिला तास पायवाटेला द्या, मनोरा नंतर. थव्यानं एकदम उठणारी बदकं दिसली की आकाशात दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी शोधा. पंख किंचित वर धरून तो लव्हाळ्याच्या थोडं वरून संथ घिरट्या घालतो. वारकरी मात्र उडण्याऐवजी एकमेकांना चिकटून गोळा होतात. असा काळा गोळा दिसला तरी वर बघायचं.

सोबत ८×४२ किंवा १०×४२ दुर्बीण पुरते. बेटांवरच्या पक्ष्यांसाठी तिपाईवरची स्पॉटिंग स्कोप (लांबचं दाखवणारी एकनळी दुर्बीण) हवी; स्वतःची नसेल तर स्थानिक मार्गदर्शकांकडे चौकशी करा. निफाड हे राज्यातल्या सर्वांत थंड ठिकाणांपैकी एक, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत कानटोपी आणि हातमोजे लागतातच. धुकं बऱ्याचदा आठनंतर विरतं. तोवर दुर्बिणीनं काही मिळत नाही, आवाज ऐका. अकरानंतर पाण्यावरची हवा थरथरू लागते आणि लांबचे तपशील पुसले जातात. सूर्य पाठीशी राहील असा काठ निवडा. दवानं बूट भिजतात, सुका जोड गाडीत ठेवा. वरून कोरडा दिसणारा गाळ खाली भुसभुशीत असतो, त्यावर पाऊल टाकू नका. प्रवेशशुल्कासाठी सुटे पैसे, पाणी आणि खाणं सोबत घ्या.

पक्ष्यांचे आवाज मोबाईलवर वाजवून त्यांना बोलावू नका. परवानगीशिवाय ड्रोन तर मुळीच नाही: एकदा उठलेला थवा परत बसायला वेळ लागतो आणि तेवढं खाणं बुडतं. गडद हिरवे किंवा मातकट कपडे घाला, आणि बांधावर उभं राहून आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसू नका.

संध्याकाळी थांबणार असाल तर भोरड्यांचे थवे पाणकणसात उतरण्याची वेळ गाठा. सूर्य बुडायच्या आधीचा अर्धा तास पुरतो. त्यानंतर रेंगाळू नका. आजूबाजूला ऊस आहे आणि उसात बिबट्या आहे. लहान मुलांना पुढे-मागे पळू देऊ नका, गटानं चाला आणि अंधार पडण्याआधी गाडीत बसा.