‘र्‍युशुत्सु’ म्हणजे गळती नव्हे

चाकणच्या एका कारखान्यात जपानी ग्राहकाची क्लेम मीटिंग होती. अॅल्युमिनियमच्या हाउसिंगमध्ये (बाहेरच्या कवचात) एम-सिक्सच्या, म्हणजे 6 मिलिमीटर स्क्रूच्या, एका भोकाला आटेच पडलेले नाहीत, असे 3 पीस ग्राहकाच्या असेंब्ली लाइनवर सापडले होते. इंटरप्रिटर म्हणून नुकतीच एन-टू (जपानी भाषेच्या जेएलपीटी परीक्षेची एक पातळी) पास झालेली एक मुलगी बसली होती. मी तिच्या मागे, बॅकअपला.

ग्राहकाच्या इंजिनिअरने विचारलं, “र्‍युशुत्सु गेन्-इन वा?” तिने सांगितलं, “गळतीचं कारण काय, असं विचारतायत.” शब्दकोशात र्‍युशुत्सु म्हणजे बाहेर वाहून जाणं, त्यामुळे तिला दोष तरी काय द्यायचा? त्यात या हाउसिंगची लीक टेस्ट होतेच. क्वालिटीवाल्यांनी लगेच फायली मागवल्या आणि दहा मिनिटं दाबाचे आकडे वाचून दाखवले. समोरचे दोघं सुरुवातीला “हाय, हाय” म्हणत होते. त्यावरून आमच्या मंडळींना वाटलं, पटतंय. पण हे ‘हाय’ म्हणजे ‘ऐकतोय’, एवढंच. थोड्या वेळाने ते एकमेकांकडे बघायला लागले, तेव्हा मी मध्ये पडले.

जपानी क्वालिटी रिपोर्टमध्ये कारणाचे दोन रकाने असतात. ‘हास्सेइ गेन्-इन’ म्हणजे दोष मुळात तयार का झाला, आणि ‘र्‍युशुत्सु गेन्-इन’ म्हणजे तो दोष तुमच्या गेटमधून बाहेर कसा पडला. इथे पहिल्याचं उत्तर सोपं होतं: टॅप (भोकाला आटे पाडणारं हत्यार) तुटला, मशीनला ते कळलं नाही, पुढचे पीस बिनआट्याचे निघाले. दुसऱ्याचं उत्तर अडचणीचं होतं. फायनल इन्स्पेक्शनला थ्रेड गेज (आटे तपासायचं साधन) प्रत्येक पीसला लागत नव्हता, 50 मागे एकालाच लागत होता. दोन्हीला ‘रूट कॉज’ (मूळ कारण) म्हणून मोकळं झालं की दुसरा प्रश्न विचारलाच जात नाही, आणि रिपोर्ट परत येतो.

उपायांचंही तसंच. ‘झान्तेइ’ म्हणजे तात्पुरता: स्टॉकमधला प्रत्येक पीस गेज लावून वेगळा काढा. ‘कोऽक्यूऽ’ म्हणजे कायमचा: टॅप तुटला की मशीन थांबवणारा सेन्सर, टॅप किती भोकांनंतर बदलायचा त्याचा काउंटर. प्रॉडक्शनच्या साहेबांनी नेहमीचं उत्तर दिलं, “ऑपरेटरला समज दिलीय.” मुलीने ते बोलताना थोडं मऊ केलं. तसं करायचं नाही. ते वाक्य जसंच्या तसं गेलं की समोरून पुढचा ‘नाझे’ (का?) येतो आणि चर्चा माणसावरून मशीनवर येते.

दुपारी सॉर्टिंगच्या खर्चाचा विषय निघाला. “केन्तोऽ शिमास”, समोरून उत्तर आलं. शब्दशः ‘विचार करू’. साहेब खूश. मी जेवताना त्यांना हळूच सांगितलं की पुढे तारीख दिलेली नाही, तेव्हा हे बहुधा ‘नाही’च आहे.

एन-टूला 180 पैकी 90 गुण लागतात, प्रत्येक विभागात किमान 19. त्यात शब्द-व्याकरण, वाचन आणि ऐकणं तपासलं जातं, बोलण्याची परीक्षाच नसते. म्हणजे प्रमाणपत्र हातात असलेला उमेदवार मीटिंगमध्ये तोंड उघडू शकेल की नाही, हे त्या कागदावरून कळत नाही. टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानीची पदवी करा किंवा रानडे इन्स्टिट्यूटमध्ये दुसऱ्या शिक्षणासोबत अर्धवेळ डिप्लोमा करा, मुलाखतीत पुढचा प्रश्न ‘भाषेशिवाय काय येतं?’ हाच असतो. माझ्या मते मेकॅनिकलचा डिप्लोमा आणि एन-थ्री (एन-टूच्या खालची पातळी) ही जोडी नुसत्या एन-टूपेक्षा चाकणला जास्त चालते. ड्रॉइंग वाचता येणाऱ्याला ‘बारी’ म्हणजे बर (कडेला राहिलेली धातूची धार), ‘मेन्तोरी’ म्हणजे चॅम्फर (तिरकी कापलेली कड), ‘नोगिसु’ म्हणजे व्हर्नियर (माप घ्यायचं साधन) हे आठवड्यात पाठ होतं. उलट्या दिशेने फार वेळ लागतो.

मराठी माणसाला दोन गोष्टी आयत्या मिळतात. क्रियापद शेवटी आणि प्रत्यय नामाच्या मागे, हे दोन्ही भाषांत सारखं. म्हणून ऐकलेलं मनात इंग्रजीत नेऊ नये, थेट मराठीत उतरवावं. आकड्यांचंही तेच. जपानी मोजणी ‘मान’मध्ये, म्हणजे 10,000 मध्ये. 10 मान म्हणजे 1 लाख, 1,000 मान म्हणजे 1 कोटी. मिलियनच्या वळणाने गेलात की शून्य हमखास घसरतं, आणि ते कोटेशनमध्ये घसरलं तर भलतंच महागात पडतं.

मीटिंगआधी दोन दिवस पार्टचं ड्रॉइंग, जुना क्लेम रिपोर्ट आणि प्रोसेस शीट मागून घ्यायची आणि 40-50 शब्दांची यादी करायची: जपानी शब्द, त्याचा उच्चार, आणि शॉप फ्लोअरवर त्याला काय म्हणतात. हे कागद त्या मुलीला सकाळी गेटवर मिळाले होते. संध्याकाळी ती टॅपिंग मशीनपाशी उभी राहून ऑपरेटरला विचारत होती, “दादा, टॅप तुटल्यावर आवाज येतो का हो?” “येतो की,” तो म्हणाला, “पण कूलंट चालू असल्यावर कुठं ऐकू येतोय!” तिने तेही लिहून घेतलं. रिपोर्टच्या पहिल्या रकान्यात ते गेलं.